सायकलला हवी शिवारातली वाट

सकाळी शाळा भरायची वेळ. सावद्याकडे येणाऱ्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर एका अंगाने केळीने भरलेला ट्रक चाललेला असतो, समोरून दुसरा येत असतो. मधूनच एसटी, ट्रॅक्टर-ट्रॉली, ओव्हरटेक करणारी मोटार. या सगळ्याच्या डाव्या कडेला, डांबर संपून साईडपट्टी सुरू होते नेमक्या त्या रेषेवर, दोन-तीन सायकली एकामागे एक चाललेल्या असतात. अंगात गणवेश, कॅरिअरला दप्तर. मागून हॉर्न वाजला की पुढची मुलगी पायडल मारणे थांबवते, हँडल घट्ट धरते आणि चाक डांबरावरून खाली उतरवते. डांबर आणि मुरूम यांच्या पातळीत चार-सहा बोटांचा फरक असतो. उतरताना सायकल हेलकावते. पुन्हा वर चढताना तर जास्तच.

सावदा हे रावेर तालुक्यातले केळीच्या व्यापाराचे गाव. वस्ती वीस हजारांच्या आसपास, पण शाळा, बाजार, बँक, दवाखाना यांसाठी कोचूर, रोझोदा, चिनावल, वाघोदा, उदळी अशा आसपासच्या गावांचा राबता इथे असतो. यातली बरीच अंतरे अशी, की पायी जायला लांब आणि गाडी काढायला जवळ. पाच किलोमीटर अंतर साध्या सायकलने पंचवीस मिनिटांत कापता येते. शासनालाही हे ठाऊक आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. सायकल मिळाली; ती चालवायची कुठे, हा प्रश्न मात्र त्या योजनेत नाही.

हा प्रश्न वाहतुकीचा वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले की तो रुग्णालयाच्या अपघात विभागात येतो.

आधी वेगाचे गणित पाहू. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे. हाडे मोडतात, पण बहुतेक जण वाचतात. ताशी ६० ची धडक म्हणजे चौदा मीटरवरून पडणे. चार-साडेचार मजले. सायकलवरच्या मुलाभोवती पत्रा नाही, पट्टा नाही, एअरबॅग नाही. मोकळ्या महामार्गावर ट्रक आणि मोटारी ६० पेक्षा कमी वेगाने क्वचितच धावतात.

दुसरी गोष्ट हवेची. मोठे वाहन अंगाजवळून गेले की आधी त्याच्यापुढची दाबलेली हवा सायकलस्वाराला बाहेर ढकलते आणि वाहन पुढे सरकताच मागची पोकळी त्याला आत ओढते. मोठ्या माणसाचा या हिसक्यात तोल सावरतो. पस्तीस किलोची मुलगी, कॅरिअरवर सात-आठ किलोचे दप्तर आणि ताशी दहाचा वेग, अशा वेळी तोल सावरणे अवघड असते, कारण सायकल जितकी हळू तितकी ती जास्त डुलते.

तिसरी गोष्ट मुलांच्या नजरेची. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची चाचणी घेतली होती. ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने समोरून येणारे वाहन जवळ येत आहे, हे या मुलांच्या दृष्टीला नेहमी नीट पकडता येत नाही, असे त्यात दिसले. वाहन जवळ येताना त्याची प्रतिमा डोळ्यात मोठी होत जाते. तो बदल टिपण्याची मेंदूची क्षमता वयाबरोबर वाढते. तेव्हा ‘नीट बघून रस्ता ओलांड’ ही सूचना योग्य असली, तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती पाळता येईलच असे नाही. त्याचा दोष नसतो.

या अपघातांत डोक्याची इजा सर्वांत घातक. हेल्मेटचा उपयोग होतो: जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की सायकलच्या हेल्मेटने डोक्याच्या गंभीर इजेचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. पण ट्रकचे मागचे चाक अंगावरून गेले तर हेल्मेट काही करू शकत नाही. मांडी किंवा पिंढरीवरून जड चाक गेले की कातडी खालच्या मांसापासून सुटून येते, आणि हाड जोडले गेले तरी तो पाय वाचवण्यासाठी महिनोन्‌महिने शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

एका इजेकडे मात्र घरच्यांचे हमखास दुर्लक्ष होते. सायकल घसरते, हँडलचे टोक पोटात रुतते, मूल उठून कपडे झटकते आणि घरी येते. पोटावर फक्त एक गोल निळसर डाग. आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाठीच्या मणक्यावर चेपला गेलेला असू शकतो. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. पोट दुखत राहणे, उलट्या, चेहरा पांढरा पडणे, डाव्या खांद्यात दुखणे यांतले काहीही दिसले, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता सोनोग्राफी होईल अशा रुग्णालयात जावे. सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या मागे बसलेल्या लहान मुलाची टाच चाकाच्या आऱ्यांत अडकणे हीदेखील रोजची गोष्ट आहे. चाकाला जाळी बसवली तर ती जवळपास पूर्ण टळते.

डोक्याला जबर मार बसलेल्या रुग्णाला सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय लागते. सावद्याहून जळगावचे अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात आहे. १०८ ची रुग्णवाहिका आली, रस्ता मोकळा मिळाला, तरी पहिल्या मोलाच्या तासाचा मोठा भाग प्रवासात जातो. म्हणूनच लहान गावाजवळचा अपघात शहरातल्या अपघातापेक्षा जास्त महागात पडतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली.

मग सायकलच बंद करावी का? अनेक पालकांनी मनातल्या मनात हेच उत्तर काढलेले आहे. मुलाला मोटारसायकलवर सोडायचे, नाहीतर दहावीतच त्याच्या हाती स्कूटी द्यायची. मुलीच्या बाबतीत कधीकधी तिसरेच होते: शाळा थांबते.

सायकल सोडण्याची किंमतही शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, मोठ्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे. जाऊन-येऊन दहा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या मुलीचा जवळपास सगळा हिशेब त्यातच पुरा होतो. वेगळे मैदान नको, फी नको. स्नायू आकुंचन पावू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, आणि सायकल चालवताना राबतात ते हेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवले. शेतकऱ्याला मधुमेह होत नाही, असे आता कोणी म्हणू नये. मळ्यात जाण्यासाठी मोटारसायकल, पाण्यासाठी ठिबकचा कॉक, फवारणीसाठी मजूर. मालकाच्या शरीराला काम उरलेलेच नाही. गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसालाही सायकल चालते, कारण शरीराचा भार सीटवर असतो. सीट मात्र इतकी उंच हवी, की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची पाच वर्षांची माहिती तपासली. कामाला सायकलने जाणाऱ्यांत त्या काळातले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होते. सायकल चालवणारे मुळातच जास्त निरोगी असतात, हे त्यात थोडेफार मिसळलेले असणार. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

धुराचे काय, असा प्रश्न येतोच. सायकल चालवताना माणूस बसलेल्या माणसापेक्षा दोन-तीन पट हवा आत घेतो, तिच्याबरोबर डिझेलची काजळीही. केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये याचे गणित मांडले. दिल्लीसारख्या हवेतही आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवली तर फायदा तोट्यापेक्षा जास्त राहतो, असा त्याचा निष्कर्ष. शिवाय वाहनांतून निघणारे अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शे-दीडशे मीटर दूर गेले की झपाट्याने विरळ होतात. म्हणजे सायकलची वाट महामार्गाला चिकटून, त्याच्याच कडेला पांढरा पट्टा मारून काढली तर अपघात आणि धूर दोन्ही तसेच राहतात. वाट मुळातच वेगळी हवी.

वेगळी वाट म्हटली की जागा कोण देणार, इथे चर्चा संपते. पण खानदेशातल्या गावांजवळ ही वाट कागदावर आधीच आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून कुठल्याही गावाचा नकाशा काढला तर त्यावर तुटक रेषा दिसतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे बैलगाडीच्या काळातले रस्ते, ज्यांना गावात गाडरस्ता, पाणंद किंवा शिवरस्ता म्हणतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावदा हाच स्वतंत्र तालुका आहे. बाजाराच्या आणि कचेरीच्या गावाला चहूबाजूंनी वाटा येऊन मिळतात, त्या अशाच.

आता सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. सायकलच्या हँडलची रुंदी साठ सेंटिमीटर; दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर डुलण्यासाठी सोडले तर एका सायकलला एक मीटर लागतो. समोरासमोर दोन सायकली आल्या तर दोन मीटर. उरलेला अर्धा मीटर मोकळा. पायी चालणाऱ्यासाठी आखलेली जुनी वाट सायकलच्या दुहेरी वाटेला बरोबर पुरते, ट्रॅक्टरला मात्र अपुरी पडते. सायकलच्या दृष्टीने याहून चांगले काय हवे?

अडचण अशी, की नकाशावरची रेषा जमिनीवर सापडत नाही. कुठे केळीची एक ओळ पुढे सरकली, कुठे बांध कोरला गेला, कुठे वाटेवरच पाण्याचा पाइप टाकला. कायदा मात्र कमजोर नाही. नकाशावरचा किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला गेला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीच्या साहाय्याने हे रस्ते करता येतात. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असा निर्णय केला. हे सारे शेतमाल आणि यंत्रे नेण्यासाठी आहे. सायकलचा विचार त्यात कुणी केलेला नाही. पण त्याच रस्त्यावरून शाळेतली मुलगी गेली तर तिला कोण अडवणार?

इथे ट्रॅक्टर आणि सायकल एका वाटेवर येतील, हे खरे. ते पूर्णपणे टाळता येणार नाही, कारण शेतकऱ्याचा त्या वाटेवरचा हक्क आधीचा आहे. पण पाणंदीतून ट्रॅक्टर ताशी वीसने जातो. वजन तेच धरले तर ताशी साठच्या वाहनाच्या तुलनेत धडकेची ऊर्जा नवव्या हिश्शावर येते, आणि चालकाला थांबायला वेळ मिळतो. खरी डोकेदुखी मोटारसायकलींची होईल. वाट गुळगुळीत झाली की ती लगेच ‘शॉर्टकट’ बनेल. त्यावर लोखंडी खांब रोवून भागणार नाही, बैलगाडी अडेल. दर शंभर-दीडशे मीटरवर सायकलला सहज जाईल पण मोटारसायकलला वेग कमी करावा लागेल, असा पसरट उंचवटा आणि ठरलेल्या वेळी गावातल्या चार माणसांची नजर, एवढेच उपाय आहेत. सोपे नाहीत.

तापीकाठची जमीन काळी. तिच्यातली माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. जुलैत अशा वाटेवर सायकल घातली तर चिखल मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. म्हणून वरवर मुरूम फेकून उपयोग नाही. काळा थर काढायचा, जाड मुरूम दोन थरांत पाणी मारून रोलरने दाबायचा, वर बारीक खडीची कच, मध्यभागी किंचित उंच आणि दोन्ही कडांना चर. ठिबकचे पाइप जिथे आडवे जातात तिथे आधीच मोठे नळे पुरून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक हंगामात कुणी वाट खणणार नाही. कडेला कडुनिंब, चिंच, करंज लावले तर मार्च-एप्रिलच्या उन्हात फार मोठा फरक पडतो. जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना भिडतो, आणि दुपारच्या सुट्टीनंतर परतणाऱ्या मुलांना घाम आणि उष्माघात यांतली सीमारेषा ओलांडायला वेळ लागत नाही. निघताना पाणी पिऊन निघणे, कॅरिअरला बाटली आणि डोक्याला रुमाल, एवढे तरी हवेच.

आतापर्यंत जे लिहिले ते ट्रकपासूनच्या सुरक्षिततेविषयी. मुलींच्या बाबतीत आणखी एक सुरक्षितता असते. केळीचा बाग माणसापेक्षा उंच वाढतो. दोन्ही बाजूंना बाग असलेली पाणंद म्हणजे हिरव्या भिंतींची गल्ली. वळणापलीकडचे दिसत नाही, हाक मारली तर ऐकू जाईलच असे नाही. महामार्गावर निदान लोक असतात. सायकल वाटेचा नकाशा आखणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांना ही गोष्ट कागदावर दिसत नाही. वाट ठरवण्याआधी नववी-दहावीच्या मुलींना विचारायला हवे: कुठल्या वळणावर भीती वाटते, कुठून जाल, कुठून अजिबात जाणार नाही. त्यांनी ‘नाही’ म्हटलेली वाट कितीही सरळ असली तरी ती सोडून द्यावी. वस्ती, विहिरीवरची खोली, दूध डेअरी, मंदिर अशा राबत्या जागांजवळून जाणारी थोडी लांबची वाट बरी. एका गावची मुले एकाच वेळी, घोळक्याने निघाली तर निम्मे काम होते. एखादा मोठा माणूस सोबत सायकलवर, आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी मुले जोडली जातात. परदेशात याला ‘सायकल बस’ म्हणतात. आपल्याकडे पायी शाळेत जाणारी पोरे पूर्वी असेच करत, त्याला नाव नव्हते इतकेच.

बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या प्रवेशात सुमारे ३२ टक्के वाढ दिसली. सर्वाधिक फरक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत पडला. मुलींनी तिथे सायकलीही घोळक्यानेच चालवल्या.

जाता जाता एक वैद्यकीय सूचना. राज्यातल्या किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. सायकलने येणारी मुलगी सपाट रस्त्यावरही धापा टाकत असेल, छातीत धडधडते म्हणत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

शिवारातून जाणाऱ्या वाटेवर सापांचाही विचार करावा लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात आणि शेतात उंदीर असले की सापही असतात. पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर धोका वाढतो. वाटेच्या दोन्ही कडांचे गवत कापलेले, पायात चपलेऐवजी बूट, सायकलला दिवा. चावलाच तर पाय न हलवता रुग्णाला उचलून वाहनाने थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. बांधणे, कापणे, चोखणे यांतले काही करू नये. फवारणीचे दिवसही ठरवून घ्यायला हवेत. शाळेच्या वेळेत वाटेलगत कीटकनाशक मारू नये, एवढी समज शेतकऱ्यांनी आपसांत करता येते.

शिवार संपून गाव सुरू होते तिथला शेवटचा अर्धा किलोमीटर सगळ्यात कठीण. पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे कल्पिले होते. पण पुण्यातल्या सायकल मार्गांवर गेलेल्या कुणालाही विचारावे. मार्ग चांगला चालतो आणि चौकाच्या अलीकडे, जिथे त्याची सर्वाधिक गरज असते, तिथेच नाहीसा होतो; मध्ये विजेचा खांब, उभ्या दुचाकी, फेरीवाले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात खर्च करून आखलेल्या सायकल मार्गावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि अखेर मोटारींचा रस्ता रुंद करण्यासाठी तो काढून टाकण्याचे ठरले. तिथे सायकलवरून जाण्याची गरज असलेले लोक त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना नव्हते. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुंबई महापालिकेने योजलेला ३९ किलोमीटरचा मार्ग त्या मानाने शहाणपणाचा, कारण जागा आधीच सार्वजनिक होती आणि वाहने तिथे येतच नव्हती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा एकवीस किलोमीटरचा सायकल मार्ग असाच बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर १९७९ ते १९८६ या काळात तुकड्या-तुकड्यांनी झाला. त्यावर स्वयंसेवकांनी स्वतः कुदळ-फावडे चालवले. तो आज वापरात आहे याचे एक कारण हे, की तो थेट शहराच्या मध्यापर्यंत जातो.

सावद्यात हा शेवटचा तुकडा नगरपालिकेच्या हद्दीत येतो, पाणंद मात्र ग्रामपंचायतींच्या शिवारात, आणि मधला महामार्ग तिसऱ्याच खात्याकडे. तीन कार्यालयांच्या सीमेवर काम पडले की ते कुणाचेच राहत नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासात गावातून जड वाहने बंद ठेवता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये तसा अधिकार आहे. केळीच्या व्यापाऱ्यांना ते रुचणार नाही, कारण माल नाशवंत आहे. पण ट्रक भरण्याची वेळ अर्धा तास मागे-पुढे करता येते, शाळेची घंटा नाही. महामार्ग ओलांडायचा तिथे रस्त्याची पातळी उचलून पट्टा करावा आणि त्या वेळी एक माणूस शिट्टी घेऊन उभा असावा. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. तिथले आई-बाप रस्त्यावर बसले तेव्हा त्यांचा पहिला आग्रह शाळेच्या वाटेसाठी होता. आज जगाला माहीत असलेल्या तिथल्या सायकल वाटा त्यानंतरच्या आहेत.

सुरुवात एका गावापासून, एकाच वाटेने करता येईल. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना कागद देऊन आपापला घरून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगावा आणि भीती वाटते तिथे लाल खूण करायला लावावी. हे कागद गावनकाशाशेजारी ठेवले की वाट कुठून न्यायची आणि कुठून नाही, हे दोन तासांत कळते. १ मेची ग्रामसभा या विषयासाठी सोयीची. मे महिन्यात शाळा बंद असते, जमीन कडक असते, रोलर मिळू शकतो. आणि जूनच्या पहिल्या दोन पावसांत मुरूम जिथे खचतो, तिथे शाळा उघडायच्या आत पुन्हा भर घालता येते.